पाहुणे येईपर्यंत

आमच्या पोरीला, मिनलला, बघायला कळमेश्वरहून पाहुणे यायचे होते. मुलाकडच्यांना आम्ही तिच्या बाबांच्या लकव्याचं सांगितलंच नव्हतं. सांगितलं तर आजारी बापाची जबाबदारी आपल्या पोराच्या गळ्यात पडेल म्हणून ते पाय मागे घेतील, असं मला वाटलं. आधीची दोन स्थळं तशीच गेली होती. लपवायची अक्कल माझीच, दुसऱ्या कुणाची नाही.

आमचे हे, मधुकरराव, कामठीच्या बसवर सव्वीस वर्षं कंडक्टर होते. गर्दीत कुणी पायावर पाय दिला तरी हसून पुढे सरकणारा माणूस. चार महिन्यांपूर्वी लकवा मारला. हातपाय बरेचसे परत आले, पण तो माणूस काही परत आला नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट ढकलतात. अंघोळ केली की दोन तास पडून राहतात. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हा आळस नाही, मेंदू थकतो, दुपारची झोप मोडू नका. फार थकले की भलत्या वेळी हसू फुटेल, रडू फुटेल. मी शहाण्यासारखी मान हलवली होती.

बैठकीतला त्यांचा पलंग मी सकाळीच खोलून शेजारच्या कौसल्याकडे नेऊन ठेवला. पलंग दिसला की आजार दिसतो. इस्त्रीचा सदरा घालून त्यांना खुर्चीत बसवलं. पाहुणे अकराला येणार होते. एक वाजला, दोन वाजले. त्यांची मान पुढे पडायला लागली.

"मले पडू दे वं जरासं," ते म्हणाले.

"कुठं पडता? सदरा चुरगळंल. आता येऊनच राहिले ते. पोरीसाठी बसा थोडं."

"डोकं भणभणून राहिलं."

"माह्यं नाही का भणभणत?" मी खेकसले. मिनल आतल्या दारातून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

पाहुणे साडेतीनला आले. मुलगा गौरांग, त्याची आई सिंधूताई आणि काका चंपतराव. पोहे झाले, चहा आला. माझा एक डोळा सारखा ह्यांच्या चेहऱ्यावर होता. आता उठवून आत नेते, असं मी मनाशी म्हणतच होते, तेवढ्यात चंपतराव म्हणाले, "आमचे भाऊ, गौरांगचे बाबा, असते तर आज तेच बोलले असते. मागच्या दिवाळीत गेले."

आणि हे हसले. आधी नुसता ओठ हलला, मग खो खो. मी "अहो" म्हणत हात दाबला, तर हसणं वाढतच गेलं. सिंधूताईंनी कप खाली ठेवला. चंपतराव उठून उभे राहिले. "येतो आम्ही," एवढंच म्हणाले. गौरांग मान खाली घालून त्यांच्यामागून गेला.

दार लागलं तशी मी ह्यांच्यावर तुटून पडले. "काहून हसले तुम्ही? मेलेल्या माणसावर? पोरीचं वाटोळं केलं!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मी हसून नाही राहिलो होतो वं. त्या पोराचं तोंड पाहिलं अन् मले लय वाईट वाटलं. मी रडून राहिलो होतो. तोंड ऐकत नाही माह्यं."

मिनलनं खाली सतरंजी टाकली. ते आडवे झाले आणि तिनं उशी आणेपर्यंत झोपलेसुद्धा. एवढ्या दमलेल्या माणसाला मी सकाळपासून ताटकळत बसवलं होतं. माझी मलाच लाज वाटली.

मी फोन घेतला. सिंधूताईंनी उचलला. मी लकव्याचं सांगितलं, लपवल्याचं सांगितलं, झोपू दिलं नाही तेही सांगितलं. "ते हसले नाही जी. तुमच्या मालकांसाठी रडून राहिले होते."

पलीकडून चंपतरावांचा आवाज आला, "ठेवा तो फोन." सिंधूताईंनी ठेवला नाही. लग्नाचंही काही काढलं नाही.

"झोपले का आता?" त्यांनी विचारलं.

"झोपले," मी म्हटलं, आणि मला जे रडू फुटलं ते काही केल्या आवरेना.