उडू न दिलेला फ्यूज

मित्रांनो, मी एक जुना फ्यूज. भट्टीत भाजलेला चिनीमातीचा पांढरा देह आणि पोटात एक बारीक तार, एवढाच माझा संसार. गंगापूर रोडवरच्या गोविंद सरांच्या घरात, हॉलच्या भिंतीवर, मीटरखालच्या लाकडी बोर्डावर माझं आयुष्य गेलं. घरात येणारी सगळी वीज माझ्या तारेतून जायची. भार जास्त झाला की तार वितळायची आणि वीज बंद. भिंतीतल्या वायरी पेटू नयेत म्हणून आधी मी मरायचं, ही माझी नोकरी. आणि नोकरी चोख केली की बक्षीस काय? "मेला, परत उडाला!" अहो, उडणारच! त्यासाठीच तर बसवलंय मला!

सर दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवायचे. फार छान शिकवायचे, खोटं कशाला बोलू? सकाळची शिकवणी हॉलमध्ये, माझ्यासमोरच भरायची. सरांकडे चिमट्यासारखं एक मीटर होतं. ते एका सुट्या वायरीभोवती नुसतं धरलं की आत किती करंट चाललाय ते दिसायचं. एकदा थंडीत त्यांनी ते आतल्या खोलीतल्या हीटरच्या वायरीला लावून दाखवलं.

"आठ अँपिअर. घरात व्होल्ट किती?"

"दोनशे तीस!" मुलं ओरडली.

"मग गुणा दोनशे तीसला आठनं."

"अठराशे चाळीस!"

"ही झाली पॉवर, वॅटमध्ये. आता दोनशे तीसला आठनं भागा."

"पावणेएकोणतीस!"

"हा हीटरचा रोध, ओहममध्ये. व्होल्ट आणि अँपिअर हाती आले ना, की कुठल्याही यंत्राची कुंडली मांडता येते," सर हसून म्हणाले.

तो हीटर अण्णांसाठी होता. अण्णा म्हणजे सरांचे वडील. रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगण्यात त्यांचा जन्म गेला. खणखणीत आवाजाचा माणूस, पण आता फुप्फुसं थकली होती. ते अंथरुणाला खिळून होते आणि नाकाला सतत ऑक्सिजनच्या मशीनची नळी. मशीनला दोन अँपिअर लागायचे, हीटरला आठ. त्यात सरांच्या पत्नी मालिनीताई ऑफिसच्या घाईत बादलीत रॉड सोडायच्या, त्याचे सहा. झाले सोळा! माझी तार दहाची. मी उडायचो.

मी उडालो की मशीन बंद. अण्णा तोंड उघडून श्वास शोधायचे, छाती भात्यासारखी हलायची. सर धावत येऊन नवी तार बसवायचे. मला का वाईट वाटत नव्हतं? जीव तुटायचा माझा. पण मी काय करणार होतो?

एका सकाळी तार बसवायला जरा उशीर झाला आणि अण्णांचे ओठ निळे पडले. वाचले कसेबसे. त्या दिवशी सरांनी जुन्या केबलमधल्या तांब्याच्या तारा सोलल्या, त्यांचा जाडजूड पीळ केला आणि माझ्या पोटात कोंबला.

"आता बघतो कसा उडतोस!"

मी म्हटलं, कपाळ माझं!

मालिनीताईंच्या ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "अहो, हीटर आठ, रॉड सहा, मशीन दोन. मुलांना शिकवता तसंच मोजलं मी. सोळा होतात. मग हल्ली फ्यूज उडत कसा नाही?"

"जाड तार घातलीय."

"आणि भिंतीतल्या वायरी? त्या झाल्या का जाड?"

सर चिडले. "मशीन बंद पडल्यावर अण्णांची काय दशा होते, पाहिलंयस ना तू?"

"पाहिलंय, म्हणून तर म्हणतेय! मी पाणी गॅसवर तापवते. आणि वायरमनला बोलावून मशीनला वेगळी लाइन घेऊ."

"रविवारी बघू," सर म्हणाले.

रविवार आला तसा गेला. काही दिवस पाणी गॅसवर तापलं. मग सकाळच्या धांदलीत रॉड पुन्हा बादलीत आला, कारण आता काही उडतच नव्हतं ना! घर खूश. सरांनी मुलांसमोर मला टिचकी मारली. "बघा, शहाणा झाला." आयुष्यात मिळालेली ती माझी पहिली शाबासकी. इकडे भिंतीतल्या वायरींचं प्लास्टिक मऊ होऊन करपत होतं. मला ते कळत होतं, पण तांब्याचा तो पीळ काही वितळेना.

मग ती सकाळ आली. शिकवणी चालू असताना अण्णांच्या खोलीतल्या प्लगमधून धूर निघाला आणि पडद्यानं पेट घेतला. ऑक्सिजन मुरलेल्या त्या खोलीत आग भडकायला कितीसा वेळ? मालिनीताई किंचाळल्या. मुलं बाहेर पळाली. सर माझ्याकडे धावले, त्यांनी मला मुठीत धरलं, आणि थांबले.

मला ओढलं तर मशीन बंद. नाही ओढलं तर आग. त्यांची बोटं माझ्यावर भाजत होती आणि हात हलत नव्हता.

"ओढा ना! अहो, ओढा!" मालिनीताई ओरडल्या.

सरांनी ओढलं, पण फार उशिरा. शेजाऱ्यांनी अण्णांना चादरीसकट उचलून बाहेर काढलं. दवाखाना येण्याआधी ते गेले होते.

लोक भेटायला येत. "वायरिंग जुनं झालेलं, नशीब, दुसरं काय," असं म्हणत आणि सर मान हलवत. शिकवणीतली यशश्री आईबरोबर आली, तिची आईही तेच म्हणाली. तेव्हा मात्र सर बोलले.

"नशीब नाही हो. साधं गणित होतं. मला येत होतं."

मी आता काळाठिक्कर पडून जिन्याखालच्या खोक्यात आहे. भिंतीवर नवा स्विच बसलाय, भार वाढला की तो खटकन पडतो. मित्रांनो, तुमच्या घरी असा कुणी पडला, उडाला, तर खुशाल शिव्या घाला. आम्हाला सवय आहे. पण आमचे हातपाय बांधू नका. काय काय चालू आहे ते बघा, अँपिअरची बेरीज करा आणि एखादं बटण बंद करा. अण्णांसाठी त्या घरात तेवढंच करायचं होतं.