बाबांच्या फुलांचा चौकोन

मित्रांनो, मी एक जुना चौकोन आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तळहाताएवढा दिसणारा, निळ्या फुलांचा. माझ्या प्रती एकाशेजारी एक मांडत गेलं की पडदाभर नक्षी होते. सांधा मात्र कुठेच दिसता कामा नये. दिसला, तर आमची अब्रू गेलीच म्हणून समजा.

मला वेबसाइट सजवणाऱ्या ताईने घडवलं. तिचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आजारपणात त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि ते खिडकीपाशी नुसते बसून राहू लागले. ताईच्या जिवाला घोर लागला. एक दिवस तिने त्यांच्या पुढ्यात कागद सरकवला.

"बाबा, दातांच्या डॉक्टरीणबाईंना वेबसाइटच्या मागे नक्षी हवीय. फुलं काढून द्या ना."

"डाव्या हाताने? लोक हसतील."

"हसू देत की! दात तरी दिसतील."

बाबांच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी ब्रश उचलला.

ताईने ती फुलं स्कॅन करून माझ्यात मांडली. मग मला अर्धं बाजूला आणि अर्धं खाली सरकवलं. एका बाजूने बाहेर गेलेला भाग दुसऱ्या बाजूने आत आला, त्यामुळे माझ्या कडा मधोमध आल्या आणि तिथली तुटकी फुलं उघडी पडली. ती तिने पाकळी पाकळी जुळवली. मला अगदी गुदगुल्या होत होत्या! पण तेवढ्यावर ती थांबली नाही. बाबांच्या थरथरत्या रेघाही तिने गुपचूप सरळ करून टाकल्या. त्यांना वाईट वाटू नये, एवढाच तिचा हेतू होता. वाकड्या मानेचं एक फूल तेवढं तिच्या नजरेतून सुटलं.

मग काय, पडदाभर तेच फूल ओळीने खुपू लागलं. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, "बाकी झकास, पण ते वाकडं फूल काढा हो. नजर तिथेच अडकते."

ताई ते पुसणार, तेवढ्यात बाबा काठी टेकत मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ ते पडद्याकडे बघत होते.

"पूस की," ते म्हणाले. "पण यातलं तेवढं एकच माझं आहे, बेटा."

ते वळले आणि ब्रश धुऊन डब्यात ठेवू लागले. ताई धावली.

"चुकलं माझं, बाबा. तो ब्रश ठेवू नका. मला अजून फुलं हवीयत."

तिने माझी सगळी गुळगुळीत फुलं काढून टाकली आणि बाबांची मूळ फुलं परत आणली. तेच फूल घडीघडी दिसू नये म्हणून मला मोठं केलं. सांधे पुन्हा जुळवले, या वेळी बाबा शेजारी बसून सांगत होते, "ही पाकळी अजून जरा झुकू दे." सगळीच फुलं आपापल्या परीने वाकडी झाली आणि ते एक त्यांच्यात मिसळून गेलं.

"आता कशी डुलतायत!" डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "काढलंत ना ते फूल?"

बाबांनी ताईला डोळा मारला.

पुढे ती वेबसाइट बदलली. मी एका जुन्या फोल्डरमध्ये पडून आहे. कौतुकाची आठवण येते, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, कुणी थरथरत्या हाताने काही केलं, तर ते सावरायची घाई करू नका. आधी त्याला विचारा. माझं एवढं ऐकाच.

आणि ताई मला उघडत नाही, म्हणून तिच्यावर रागावू नका. तिला वेळ कुठाय? बाबांनी आज सकाळीच नवे कागद मागितलेत.