आईच्या नावाचा रकाना

हेडमास्तरांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून नीट पोचलेली नव्हती. रस्त्यात कोणी उलट्या बाजूने सायकल घातली, की ते त्याला थांबवून वर्ग विचारत. घरात बायकोने मीठ मागितले, तरी आधी वाक्य पूर्ण करायला लावत. अशा माणसाला नगरपालिकेकडून पत्र आले आणि त्यात त्याच्याकडे पुरावा मागितला गेला, म्हणजे केवढा अपमान!

गावाच्या पाणीपुरवठ्याला शंभर वर्षे होत होती. नदीकाठचे पंपघर आणि त्यामागची दगडी टाकी बांधली होती हेडमास्तरांच्या आजोबांनी. आजोबा कंत्राटदार होते. पंपघरावर त्यांच्या नावाची पाटी बसणार होती, समारंभ होणार होता, आणि व्यासपीठावर कंत्राटदारांच्या अधिकृत वारसासाठी खुर्ची राखून ठेवली होती. एकच. पत्रात ‘अधिकृत’ या शब्दाखाली रेघ मारलेली होती. ती कोणाच्या सांगण्यावरून मारली असणार, हे हेडमास्तरांना कोणी सांगायची गरज नव्हती.

ते काम दातवाल्याचे. दातवाला म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, दातांचा डॉक्टर. नदीच्या त्या काठावर त्याचा दवाखाना होता आणि दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या जाणे-येणे नव्हते. कारण आजोबांनी टाकी एकच बांधली, संसार मात्र दोन मांडले. नदीच्या या काठी एक, त्या काठी एक. मधला पूलही त्यांनीच बांधला होता, आणि तो कोणाच्या सोयीसाठी, यावर गावात कोणाचे दुमत नव्हते. दोन्ही घरच्या बायका स्वतःला लग्नाची म्हणवत. आजोबा दोघींपुढे मान डोलवत. बांधकामात त्यांनी कधी कच्चे काम ठेवले नाही, पण या बाबतीत पावतीसुद्धा मागे ठेवली नाही. तेव्हापासून दोन्ही घरे स्वतःला ‘अलीकडचे’ आणि समोरच्यांना ‘पलीकडचे’ म्हणत आली होती. पलीकडची ती ठेवलेली, हे दोन्ही काठांवर लहानपणीच शिकवले जाई.

हेडमास्तरांना खुर्ची हवी होती, हे तर खरेच. पण आत आणखी एक गोष्ट होती. त्यांच्या वडिलांना शाळेत कोणीतरी ‘ठेवलेलीचा’ म्हटले होते. वडिलांनी हे आयुष्यात एकदाच सांगितले, तापात, आणि मग भिंतीकडे तोंड फिरवले. त्या दिवशी हेडमास्तरांना जे वाईट वाटले ते कमी झालेच नाही. वडील गेले, आता निदान व्यासपीठावरून चारचौघांत सिद्ध व्हावे की त्यांची आई लग्नाची होती. एवढ्यासाठी ते जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात गेले.

कार्यालय जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होते. एक खिडकी, खिडकीसमोर बाक, आणि खिडकीमागे कपाटांच्या वर, खाली, मध्ये लाल फडक्यात बांधलेली दप्तरे. त्यांच्यामध्ये उरलेल्या जागेत नोंदणीबाई बसायच्या. बोटाला रबरी टोपी, समोर ओला स्पंज, आणि चेहऱ्यावर ‘आज कोणी येऊ नये’ अशी साधी इच्छा.

“वडिलांच्या जन्माची नोंद हवीय. तू आमच्याच शाळेची ना?” हेडमास्तरांनी सुरुवात केली.

“नाही. दुसऱ्या. आईचं नाव सांगा.”

हेडमास्तरांनी आपल्या आईचे नाव खणखणीत आवाजात सांगितले.

“तुमच्या आईचं नव्हे हो. नोंद तुमच्या वडलांची हवीय ना? मग वडलांच्या आईचं.”

“म्हणजे आजीचं?”

“तुमची ती आजीच असणार.”

“वडिलांचं नाव सांगतो, आजोबांचं सांगतो, पणजोबांचंही सांगतो. आमची वंशावळ मी स्वतः काढलीय. सात पिढ्या!” हेडमास्तरांनी पिशवीतून गुंडाळी काढली. त्यावर पारंब्यांसकट एक वडाचे झाड होते आणि फांदीफांदीवर पुरुष बसलेले होते.

नोंदणीबाईंनी झाडाकडे पाहिले. “छान आहे. पण त्या काळची सूची आईच्या नावावर आहे. जन्म कळवायला सुइणी यायच्या. सुईण बाळंतिणीला ओळखणार, नवऱ्याला कशाला ओळखेल? आजीचं नाव घेऊन या, दोन मिनिटांत काढून देते.”

जिना उतरताना हेडमास्तरांनी नाव आठवायला सुरुवात केली. फाटकापर्यंत त्यांना आजीचे नऊवारी नेसणे आठवले, तिची ढेकूण मारायची पद्धत आठवली, कानातले आठवले. नाव आठवले नाही. ते विसरले नव्हते. त्यांना ते कधी माहीतच नव्हते.

घरी येऊन त्यांनी बायकोला विचारले.

“मला काय विचारता? मी आले तेव्हा त्या गेल्याही होत्या. रोज फोटो पुसते, पण खाली लिहिलंय ‘कंत्राटदार व सौ.’”

मग आत्याला विचारले. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, नव्वदीला टेकलेली, पण स्मरणशक्ती अशी की कोणी कोणाच्या लग्नात काय बोलले होते ते अजून उगाळत बसायची. हेडमास्तरांना वाटले, काम झाले.

“आईचं नाव?” आत्याने बराच विचार केला. “अरे, तिला आम्ही आई म्हणायचो.”

“ते कळलं. पण नाव काय होतं?”

“नाव लागतं बाहेर जाणाऱ्याला,” आत्या वैतागली. “ती कुठे जात होती? भलतंसलतं काय विचारतोस!”

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर पुन्हा कार्यालयात आले, तो बाकावर दातवाला बसलेला. पांढरा सदरा, पांढरे दात, मांडीवर कातडी बॅग. हेडमास्तर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती, आणि ती तशीच राहिली.

“काय, मिळालं का नाव?” शेवटी दातवाल्याने भिंतीला विचारले.

“तुला मिळालं?”

“माझ्या आजीचं नाव मला ठाऊक नसेल होय!”

“मग सांग की खिडकीवर जाऊन. बाक कशाला झिजवतोस?”

दातवाल्याने बॅग या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. त्याच्याही आत्या होत्या, त्याच्याही घरात फोटो होता, आणि त्याच्याही फोटोखाली ‘कंत्राटदार व सौ.’ असेच होते. दोन्ही घरे दोन आज्यांच्या अब्रूसाठी तीन पिढ्या एकमेकांच्या जिवावर उठली होती, कोर्टाच्या पायरीपर्यंत जाऊन आली होती, आणि एकाही वीराला आपण कोणासाठी लढतोय हे सांगता येत नव्हते. आपली तऱ्हा समोरच्याचीही आहे, एवढ्यावर मात्र दोघांच्या जिवात जीव आला.

“तुम्ही दोघं कंत्राटदारांचेच का?” नोंदणीबाईंनी खिडकीतून डोके बाहेर काढले. “आधी नाही का सांगायचं! मोठ्या माणसांची पानं वेगळी असतात. सुईण आली असली तर आईचं नाव लागतं. गवंड्याची बायको असो, धोब्याची असो, नाव आहेच. मोठी माणसं मात्र स्वतः यायची, मुलगा झाला म्हणून मिरवत. कारकून विचारायचा, आईचं नाव? हे म्हणायचे, आमची मंडळी. चारचौघांत बायकोचं नाव कसं घ्यायचं! कारकून तेच लिहायचा. त्यामुळे गावातल्या सगळ्या सभ्य घराण्यांच्या आया ‘म’मध्ये आहेत. मंडळी.”

त्यांनी एक जाडजूड सूची ओढली, रबरी बोटाने पाने सरकवली आणि त्या सूचीवरून दोन दप्तरे काढली. दोघे चुलतभाऊ खिडकीच्या एकाच चौकटीत डोकी घालून वाचू लागले, हेडमास्तर चष्म्याविना, पानाला नाक टेकवून. हेडमास्तरांच्या वडिलांची नोंद: वडील, कंत्राटदार. आई, मंडळी. खाली आजोबांची झोकदार सही. तीनच महिन्यांनंतर दातवाल्याच्या वडिलांची नोंद: वडील, कंत्राटदार. आई, मंडळी. सही तीच, तितकीच झोकदार.

“म्हणजे तुमचे वडील सख्खे भाऊ,” नोंदणीबाई म्हणाल्या. “बाप एक, आई एक.”

“एक कशी? तीन महिन्यांच्या अंतराने दोन मुलं?” डॉक्टरकीचा थोडाफार अभ्यास झाल्यामुळे दातवाल्याला हे पटेना.

“कार्यालयाची त्याला हरकत नाही. मंडळी म्हणजे पत्नी. कागदावर पत्नी एकच दिसते, म्हणजे दोघेही अधिकृत. नोंद बरोबर आहे अशी दोघांनी सही करा, मी नगरपालिकेला तसं कळवते. एकाऐवजी दोन खुर्च्या ठेवतील.”

हेडमास्तर विचारात पडले. वडील अधिकृत झाले होते, हे चांगले. पण पलीकडच्याचे वडीलही झाले होते.

“किंवा असं करू,” नोंदणीबाईंनी सहज सांगितले. “लग्नांची जुनी दप्तरं परवाच तळघरातून वर आलीत. शेजारच्याच खोलीत आहेत. कंत्राटदारांचं लग्न कोणाशी लागलं ते लख्ख लिहिलेलं असणार, माहेरच्या नावासकट. काढू का?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी एकमेकांचे मन अचूक ओळखले. शेजारच्या खोलीत एक नाव होते. ते या काठचे निघाले तर खुर्चीही आपली आणि गावही आपले. आणि त्या काठचे निघाले तर? हेडमास्तरांची पाचावर धारण बसली. ज्या शब्दाने बाप आयुष्यभर जळला, तो शब्द सरकारी शिक्क्यानिशी खरा ठरायचा. आणि तो खरा ठरवायला पिशवी घेऊन आपणच आलो होतो!

“कशाला उगाच तसदी,” दातवाला म्हणाला.

“झाली ती माणसं जुनी,” हेडमास्तर म्हणाले. “मृतांना त्रास देऊ नये.”

“मग आईच्या नावाचा रकाना असाच कायम होईल. पुन्हा दुरुस्ती नाही.”

“करा कायम,” दोघे एका सुरात म्हणाले, आणि सही कोणी आधी करायची यावर वाद न घालता त्यांनी सह्या केल्या.

नेमक्या त्याच वेळी हेडमास्तरांची बायको जिना चढून आली. हेडमास्तर चष्मा घरी विसरले होते, तो घेऊन ती आली होती, आणि दारातून तिने शेवटचे बरेच ऐकले होते.

“मी बघू का ते लग्नाचं दप्तर?” तिने खिडकीपाशी येऊन विचारले.

“तुम्ही कोण?”

“ती आमची...” हेडमास्तरांनी तोंड उघडले आणि पुढचा शब्द कसाबसा गिळला.

“त्यांची नातसून,” बायको म्हणाली, आणि स्वतःचे नाव, माहेरचे आणि सासरचे, सावकाश सांगितले. नोंदणीबाईंनी लिहून घेतले आणि किल्ल्यांचा जुडगा उचलला.

“अगं, काय करतेस? चल घरी!” हेडमास्तर म्हणाले.

“वहिनी, ऐका तर,” दातवाला म्हणाला. वहिनी म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ.

बायको आत गेली. दोघांना मागे जाता येत होते, कोणी अडवले नव्हते. पण आत जावे तर दिसेल, आणि बाहेर राहावे तर तिला दिसेल, अशा कात्रीत ते उंबरठ्यावर उभे राहिले. आत फडके सोडल्याचा आवाज झाला. पाने उलटली. मग पाने उलटायची थांबली.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे थोडे ओले होते. धूळही असेल.

“कोणाचं निघालं?” हेडमास्तरांनी विचारले. “आमचं की यांचं?”

“एक निघालं की दोन?” दातवाल्याने विचारले.

बायको वाट बघत थांबली. नाव काय होते, हे दोघांपैकी कोणीही विचारले नाही. तेव्हा तिने चष्मा नवऱ्याच्या हातात दिला आणि जिना उतरू लागली.

समारंभाला मोठी गर्दी झाली. पाटीवरचा पडदा एकदाचा सरकला आणि अध्यक्षांनी कंत्राटदारांच्या निष्कलंक चारित्र्यावर लांबलचक भाषण केले. शेजारी दोन सख्खे चुलतभाऊ गळ्यात हार घालून बसले होते. दोघांच्या कानात भाषणातला एक शब्दही शिरत नव्हता. ते दोघेही तिसऱ्या रांगेकडे बघत होते. तिथे हेडमास्तरांची बायको कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत बसली होती, आणि शेजारच्या बाईच्या कानाशी वाकून तिला काहीतरी सांगत होती.