ध्रुवाकडची धूळ

प्रोफेसर एवारिस्तो यांनी जन्मभर एकच गोष्ट शिकवली होती. धगधगत्या दीर्घिकेच्या गाभ्यात कृष्णविवराभोवती धुळीचं जाड कडं असतं आणि अवरक्त प्रकाशात चमकतं ते हे कडंच. त्यांची विद्यार्थिनी हिमेना हिने वाळवंटातल्या डोंगरावरच्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र जुळवून त्यांच्याच आवडत्या दीर्घिकेचा गाभा पाहिला. बहुतेक उजेड कड्यातून येतच नव्हता. तो येत होता कड्याच्या वर-खाली, ध्रुवांच्या दिशेने उडालेल्या धुळीतून.

ती समुद्रकाठच्या आंतोफागास्ता शहरात त्यांच्या घरी गेली, तेव्हा त्यांच्या बायकोने, एर्मिनियाने, तिला दारातच थांबवलं.

"डॉक्टरांनी आशा सोडलीय. चहा घे, गप्पा मार, पण कामाचं काढू नकोस."

"नाही काढणार, काकू."

प्रोफेसर उशीला टेकून बसले होते. हिमेना पावावर पाल्ता, म्हणजे अवोकाडोचा गर, फासत राहिली.

"पावाला भोक पडेल, पोरी," ते म्हणाले. "काय दिसलं ते सांग."

तिला खोटं बोलवेना. तिने सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "तुझं गणित चुकलंय," आणि भिंतीकडे तोंड करून पडले. एर्मिनियाने तिला दारापर्यंत सोडलं आणि मागून दार लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"याहून लहान तरंगलांबीत पाहिलंस का?"

"नाही, प्रोफे."

"मग पाहा. आतलं तापलेलं कडं तिथे दिसायला हवं. नाही दिसलं, तर मी चुकलो."

तिने पुन्हा निरीक्षणं घेतली आणि तडक त्यांच्याकडे आली. त्यांचा आवाज पार खोल गेला होता.

"कडं आहे," ती म्हणाली. "पण बारीक. अगदी गाभ्याला चिकटून."

"आणि बाकीची धूळ?"

"वर-खालीच उडतेय, प्रोफे."

त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राकडे तोंड वळवलं.

"तसंच लिही. माझं नाव घालू नकोस. मी काही ते पाहिलेलं नाही."

हिवाळा सरायच्या आत ते गेले. शोधनिबंध छापून आल्यावर हिमेना तो घेऊन एर्मिनियाकडे गेली. एर्मिनियाने पानं चाळली आणि विचारलं, "म्हणजे तो चुकला होता?"

"बराचसा, काकू."

एर्मिनियाने मान हलवली.

"तुला फोन केला ना, त्या दिवशी तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला होता," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला उठली.