माझ्यावर उघडलं तर कुठेही उघडेल

सोमवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी मला टेबलाच्या खालच्या खणातून बाहेर काढण्यात आलं. त्या वेळी माझी बॅटरी शून्यावर होती, आणि माझ्या अंगावर शाई संपलेली दोन पेनं आणि एक स्टेपलर होता.

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. माझं वय अकरा वर्षं. माणसांत अकरा म्हणजे शाळेतलं पोर, फोनांत अकरा म्हणजे पणजोबा. माझी काच उजव्या कोपऱ्यात तडकलेली आहे. आवाजाचं बटण एकदा आत गेलं ते बाहेर आलेलं नाही. पाठीवर कागदाची एक पट्टी चिकटवलेली आहे, तिच्यावरचं अक्षर अजून वाचता येतं. ते काय आहे आणि मला आज का बाहेर काढलं, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

एका लांबलचक कारखान्यात, पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी मला जोडलं. त्या पाळीत माझ्यासारखे हजारो निघाले. आम्ही सगळ्यांत स्वस्त जातीचे, त्यामुळे दुकानातही काचेच्या कपाटात आम्हाला जागा नव्हती. आम्ही काउंटरखाली असायचो. तिथून मला एका चोवीस वर्षांच्या मुलीने घेतलं. ती झेरॉक्सच्या दुकानात काम करायची. पुढे सगळे तिला ताई म्हणू लागले, म्हणून मीही ताईच म्हणतो.

एके दिवशी एक गिऱ्हाईक वेबसाइटचं एक पान छापून घ्यायला आलं. कागदावर ते अर्धंच उमटलं, उजवी बाजू कापली गेली. ताईने विचारलं, ही पानं बनवतं तरी कोण? गिऱ्हाईक म्हणालं, बनवत असेल कुणीतरी. ते निघून गेलं, प्रश्न मात्र राहिला. जेवणाच्या सुट्टीत ताईने तो माझ्यावर टाइप केला.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी जे पाहिलं त्याचं मला आजही नवल वाटतं. जगात कुठेकुठे बसलेल्या अनोळखी माणसांनी पानं कशी बांधायची याचे धडे लिहून ठेवले होते, आणि ते कुणालाही वाचायला उघडे होते. काही धड्यांत एक रिकामी चौकट असे. तिच्यात लिहायचं आणि शेजारी लगेच काय झालं ते पाहायचं. ताईने सुरुवातीला व्हिडिओही पाहिले. मग एकदा वहीत लिहिलं, “बघताना सगळं समजतं. हात चालवला की कळतं किती समजलं होतं.” पी हळद आणि हो गोरी हा तिचा स्वभाव नव्हता. झेरॉक्सचं मशीन गरम होईपर्यंतच्या चार मिनिटांत ती एक परिच्छेद वाचायची, मग छपाई, मग पुढचा परिच्छेद. पान लिहिताना पदोपदी कोनी कंस (<) लागतो, आणि माझ्या कळफलकावर तो एक काढायला तीनदा दाबावं लागे. तिने असे हजारो कंस अंगठ्याने काढले.

तिने बांधलेलं पहिलं पान दुकानाच्या वेळांचं होतं. तोवर ती दुकानाच्या कॉम्प्युटरवर लिहू लागली होती आणि माझ्यावर उघडून बघायची. मालक काकांनी मला हातात घेऊन बराच वेळ ते पान न्याहाळलं.

“दुकान तर आपलंच दिसतंय,” ते म्हणाले. “पण मंगळवारी बंद असतं हे सगळ्या जगाला कशाला सांगितलंस?”

त्याच पानापायी माझ्या हातून एक अपराध घडला. ताईने वरची निळी पट्टी हिरवी केली. माझ्यावर उघडून पाहिली तर निळीच. पुन्हा लिहिलं, पुन्हा निळीच. दोन तास ती स्वतःचं लिखाण एकेका अक्षराने तपासत होती. चूक तिची नव्हतीच. माझ्यातला ब्राउझर एकदा पाहिलेल्या पानाची प्रत स्वतःकडे ठेवतो, म्हणजे दरवेळी ते नव्याने मागवावं लागत नाही. मी तिला इमानेइतबारे कालचं पान दाखवत होतो. शेवटी प्रश्नोत्तरांच्या एका पानावर तिला उत्तर सापडलं. कुणा परक्या माणसाने नऊ वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न विचारला होता, आणि दुसऱ्या परक्याने तीन ओळींत उत्तर देऊन ठेवलं होतं. त्या दोघांना ताई कधी भेटणार नव्हती. तिने वहीत लिहिलं, “आधी जुनी प्रत पुसा. मग स्वतःच्या अकलेवर शंका घ्या.”

दोन वर्षांनी तिला नोकरी लागली. आठ टेबलांचं ऑफिस होतं, टायरच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. तिथली हत्यारं पाहून मी थक्क झालो. मोठ्या पडद्यावर ब्राउझरच्या कडेला एक फलक उघडायचा. घड्याळजीने मागचं झाकण काढून चाकं दाखवावीत, तसा तो पानाचा प्रत्येक भाग उघडा करून दाखवायचा. आणखी एक हत्यार होतं, ते प्रत्येक बदल लक्षात ठेवायचं: कुणी केला, कधी केला, कशासाठी केला. नको झाला तर कालच्या पानावर परत जायचं. किती धंद्यांत अशी सोय असते? शिंप्याने कापलेलं कापड परत सांधत नाही.

ताईने नवा फोन घेतला, पण मला टाकलं नाही. ऑफिसात आणून टेबलावर ठेवलं आणि एक नियम घातला. कुठलंही पान लोकांसाठी खुलं करण्याआधी माझ्यावर उघडून पाहायचं, आणि शेवटचं बटण दाबून उत्तर आलेलं डोळ्यांनी बघायचं. माझ्या पाठीवरची पट्टी तेव्हाची आहे: “माझ्यावर उघडलं तर कुठेही उघडेल.” सगळे मला आजोबा म्हणू लागले. काम संपत आलं की साहेबही विचारायचे, आजोबांनी पास केलं का? ती माझी भराची वर्षं.

मग त्या कडेच्या फलकात एक नवी सोय आली. मोठ्या पडद्यावरच कुठल्याही फोनची नक्कल करता येऊ लागली. नाव निवडलं की पान त्या फोनाएवढं व्हायचं. त्याच सुमारास एक नवा प्रोग्रामर आला. तो इतक्या वेगाने लिहायचा की त्याला रॉकेट हे नाव पडलं. त्याला आजोबांसाठी थांबायला वेळ नसे, आणि खोटं कशाला सांगू, त्याचं काम खरोखर चांगलं होतं. मी टेबलावरून वरच्या खणात गेलो, वरच्या खणातून खालच्या. दोन वर्षं तिथेच होतो.

आता सोमवार सकाळ. ऑफिसने एका डायलिसिस केंद्रासाठी पान बांधलं होतं. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की रक्त यंत्राने स्वच्छ करावं लागतं, आठवड्यातून तीनदा. पेशंट आपली वेळ फोन करून ठरवायचे. मंगळवारी सकाळी नऊपासून ती या पानावर ठरवायची होती आणि फोनची लाइन बंद व्हायची होती. ज्याची नोंद होणार नाही त्याची पाळी दुसऱ्याला जाणार होती. शनिवारी ताई पान दाखवायला केंद्रात गेली, तेव्हा तिला एका खाटेच्या उशाशी माझ्यासारखाच एक फोन दिसला. म्हणून सोमवारी तिने खालचा खण उघडला.

दहा वाजून वीस मिनिटांनी, थोडं चार्जिंग झाल्यावर, तिने ते पान माझ्यावर उघडलं. त्रेपन्न सेकंद पडदा पांढरा राहिला. मग एका हसऱ्या डॉक्टरचा अर्धा चेहरा आला. “वेळ नक्की करा” हे बटण पडद्याबाहेर राहिलं, आणि पान वर सरकवलं तरी हाताला लागेना.

रॉकेटने मान वेळावून पाहिलं. तो म्हणाला की पडद्यावरच्या नकलेत त्याने हाच फोन निवडला होता आणि पान एका सेकंदात उघडलं होतं. मग म्हणाला, “ताई, आजोबांना आता म्युझियममध्ये ठेवा. असला फोन वापरतंय कोण?”

ताई वाद घालत बसली नाही. तिने केंद्रातल्या सिस्टरांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि एवढंच विचारलं की पेशंटपैकी किती जणांकडे माझ्यासारखे जुने फोन आहेत. सिस्टर म्हणाल्या, थांबा, खाटांवरून फेरी मारून येते. सहा मिनिटं आम्ही सगळे पलीकडच्या यंत्रांची टिकटिक ऐकत होतो.

“एकोणीस पेशंट आहेत,” सिस्टर म्हणाल्या. “त्यातले सात जण तुम्ही म्हणता तसले जुने फोन वापरतात. आणि त्या सातांतले दोघे एकटे येतात, बरं का. त्यांना फोनवर नोंद करून द्यायला मागे कुणी नाही.”

रॉकेटने खुर्ची पुढे ओढली आणि हात पुढे केला. “द्या इकडे आजोबांना.”

त्याची चूक कुठे होती ते अर्ध्या तासात सापडलं. नकलेत पडदा माझ्याएवढा झाला होता, पण त्यामागे जोर त्याच्या नव्याकोऱ्या मशीनचा होता आणि इंटरनेट ऑफिसचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात. इथे नाव कथलाचं आणि हाती सोनं होतं. त्याच फलकात नेट आणि मशीन मंद करून बघायचीही सोय होती. त्याने ती कधी उघडलीच नव्हती. हत्यार बनवणाऱ्यांनी लिहिलेली माहिती त्याने आता वाचायला घेतली.

“पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय, ताई.”

“लिहिलेलं असतंच रे. आपण दुसऱ्यापासून वाचायला लागतो.”

त्यानंतर रॉकेटने जे काम केलं, ते मी जन्मभर विसरणार नाही. डॉक्टरचा तो फोटो बाकी सगळ्या पानाच्या वीसपट जड निघाला. तो गेला. अक्षरांचे तीन नखरेल प्रकार होते, तेही गेले. तारीख निवडायला मागवलेलं तयार कॅलेंडर गेलं, पेशंटचे वार ठरलेलेच असल्याने त्याच्या जागी सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन साधी बटणं आली. दर बदलानंतर तो पान माझ्यावर उघडायचा. त्याआधी जुनी प्रत पुसायचा, ताईने सांगायची वाट न पाहता. एक्केचाळीस सेकंद. एकोणीस. अकरा. तीन वाजता सहा सेकंद. शेजारच्या टेबलावरची माणसं उठून माझ्याभोवती जमली होती. इतकी गर्दी माझ्याभोवती कारखाना सोडल्यापासून झाली नव्हती.

तीन वाजून वीस मिनिटांनी रॉकेटने एक खोटं नाव लिहिलं, “दुपार” निवडलं आणि “वेळ नक्की करा” दाबलं. पडद्यावर ‘थांबा’ सांगणारं वर्तुळ फिरू लागलं. आणि मी बंद पडलो.

माझी पाठ फुगली होती. दोन वर्षं रिकाम्या पोटी पडलेली बॅटरी दिवसभराच्या धावपळीने सुजली होती. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नोंद आली का, हे ताईने लगेच पाहिलं. आली नव्हती. बटण दाबल्यावर पानच अडकलं, की नोंद निघण्याआधी माझा जीव गेला, हे कुणालाच सांगता येईना. मोठ्या पडद्यावर नेट मंद करून पाहिलं तेव्हा नोंद व्यवस्थित झाली. साहेब म्हणाले, मग झालं, आपण शब्द दिलाय, उद्या नऊला खुलं करू. ताई म्हणाली की त्या सात जणांकडे आहे तसल्या फोनवर उत्तर येतं हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती हो म्हणणार नाही. साहेबांनी तिला सकाळी साडेआठपर्यंत वेळ दिला. फोनची लाइन आणखी आठवडाभर चालू ठेवा, असंही तिने केंद्राला कळवलं आहे. तिथले मुख्य डॉक्टर सकाळी सांगतो म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादा खण असेल. माझ्यासारख्या कुणाला तिथे ठेवायचंच असेल, तर बॅटरी अर्धी भरून ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी एकदा चालू करून बघा, आणि अंगावर स्टेपलर ठेवू नका. आणि उद्या तुम्ही स्वतः काही बांधाल, पान असो की पूल, तेव्हा ते सगळ्यांत कमी जोराच्या माणसाच्या हातात देऊन पाहा. शिकवणाऱ्यांनी आणि हत्यारं घडवणाऱ्यांनी त्यांचं काम चोख केलेलं आहे. पहिला परिच्छेद वाचायचा तेवढा आपण उरलो आहोत.

आता संध्याकाळचे सहा वाजून पाच मिनिटं झाली आहेत. मी दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर उघडा पडलेलो आहे. साडेआठच्या आत ते बटण माझ्यावर पुन्हा दाबता यावं म्हणून रॉकेटने मला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून इथे आणलं आणि तो शेजारच्या स्टुलावर बसून आहे. माझी बॅटरी आता मिळत नाही. दुरुस्तीवाल्याने तीन दुकानांत विचारून दुसऱ्याच एका फोनची मिळवली आहे. ती दीड मिलिमीटर लांब आहे. ती बसावी म्हणून तो माझ्या आतली कड कानशीने घासतो आहे.