जांभळ्या पाइपाचं पाणी

लालबागच्या आमच्या इमारतीत मला सगळे नाना म्हणतात आणि पाण्याच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा मानतात. मानत होते. एकतीस वर्षं मी महापालिकेत चावीवाला होतो. लालबाग, परळ, हिंदमाता, कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं आणि कधी तोडायचं, ते कमरेएवढी लोखंडी चावी फिरवून मी ठरवायचो. म्हणजे ठरवायचे साहेब, पण शिव्या आणि चहा दोन्ही माझ्या वाट्याला यायचे. अशाने माणसाच्या डोक्यात थोडी हवा जाते. माझ्या बरीच गेली होती.

चाळ पाडून बिल्डरने आम्हाला बावीस मजली इमारत दिली. तिच्या तळघरात सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे. मोरीचं, न्हाणीचं, संडासाचं पाणी तिथे साफ होतं आणि जांभळ्या पाइपातून परत वर येतं, फक्त फ्लशसाठी. पालिकेचं पिण्याचं पाणी सकाळी पन्नास मिनिटं. तेच पाणी फ्लशला ओतलं तर वरच्या मजल्यांना प्यायला काय उरणार? मला ही योजना पहिल्या दिवसापासून पटली होती. आजही पटते. वाटोळं केलं ते मी.

लोकांना मात्र त्या पाइपाची किळस होती. गटाराचं पाणी देवघराच्या मागून नेता म्हणजे काय, असं म्हणत पाचव्या मजल्यावरच्यांनी पाइप कापायला माणूससुद्धा बोलावला. सेक्रेटरी अभय घाबरून माझ्याकडे आला. मी सगळ्यांना प्लांटपाशी जमवलं आणि तासभर घसा कोरडा केला. कोणी ऐकेना. एक बाई म्हणाली, नाना, तुम्हाला एवढा पुळका आहे तर तुम्हीच प्या.

माझं डोकं सरकलं. प्लांट चालवणाऱ्या स्वप्नीलला मी ग्लास भरायला सांगितलं. तो बिचारा सरळ म्हणाला, "काका, हे प्यायचं नाहीये. फक्त फ्लशचं आहे." मी त्याला सगळ्यांसमोर झाडला. तुझ्या जन्माआधीपासून मी या भागाला पाणी पाजतोय, मला शिकवू नकोस, असं म्हणून ग्लास भरून घेतला आणि एका दमात रिकामा केला. टाळ्या पडल्या. पाइप वाचला. त्या दिवशी लिफ्टमधून वर जाताना मी आरशात स्वतःकडे दोनदा बघितलं, खोटं कशाला बोलू.

पुढचे तीन दिवस मी संडासातच काढले. पोटात कळा, अंगात ताप, उठून उभं राहिलं की भिंती फिरायच्या. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा विरारला. विचारायला कोणी नव्हतं आणि मला कोणी विचारायला नकोच होतं. आतून कडी लावून फोनवर सगळ्यांना सांगितलं की वरळी कोळीवाड्यात जुन्या दोस्ताकडे आलोय. चौथ्या दिवशी दाढी करून खाली उतरलो. अभय म्हणाला, नाना, उतरलेले दिसता. मी म्हटलं, दोस्ताने मासळी खाऊ घालून घालून दमवलं. सगळे हसले, आणि ते प्रकरण मी तिथेच पुरलं.

मे महिन्यात पाणीकपात लागली. त्यात पालिकेची मुख्य लाइन फुटली आणि आमचे नळ तीन दिवस कोरडे पडले. टँकरला नंबर लागत नव्हता. जांभळा पाइप तेवढा चोवीस तास धो धो वाहत होता. चाळीत वाढलेल्या बायका त्या; वाहतं पाणी न भरता सोडणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. फ्लशच्या टाकीची नळी सोडवून बादल्या भरायला लागल्या. आधी लादी पुसायला, मग कपड्यांना, मग भांड्यांना. मला दिसत होतं. चांगलं नाही हे कळतही होतं. पण नको म्हटलं असतं तर का नको तेही सांगावं लागलं असतं.

माझ्या समोरच्या दारात जाईबाई राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे यजमान गिरणीत आणि मी पालिकेत, पण चाळीत आमच्या खोल्यांची भिंत एक होती. बायको गेल्यावर दर बुधवारी त्या माझ्यासाठी कालवणाचं पातेलं पाठवायच्या, वर निरोप असायचा की भांडं घासून परत पाठव, तुझ्या घरात मोलकरीण ठेवलेली नाही. मला अरे-तुरे करणारं इमारतीत तेवढंच एक माणूस उरलं होतं. त्यांची सून मेघना आणि मुलगा दोघंही कामावर जायचे आणि तिथलंच पाणी प्यायचे. घरातलं पाणी पिणाऱ्या जाईबाईच.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात टँकरच्या भानगडीसाठी अभय आणि आणखी तिघंजण उभे होते. तेवढ्यात मेघना आली. तिने कामावर दांडी मारली होती.

"नाना, आईंना पहाटेपासून जुलाब होतायत," ती म्हणाली. "भरलेलं पाणी परवाच संपलं. तेव्हापासून जांभळ्या पाइपाचं गाळून देतेय. तुम्ही प्यायला होतात ना? तुम्हाला काही झालं नव्हतं ना?"

चौघं माझ्या तोंडाकडे बघत होते.

"छे, मला काय होतंय?" मी म्हटलं.

मेघना निश्चिंत होऊन परत गेली. हे लोक गेले की तिच्याकडे जाऊन हळूच खरं सांगू, असं मी ठरवलं. मग टँकर आला, त्याच्यापाशी भांडणं झाली, ती मिटवण्यात दुपार गेली. जेवून जरा आडवा झालो. उठलो तेव्हा समोरच्या दाराला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, म्हातारीला उचलून नेलं.

परळच्या हॉस्पिटलात पोचून मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, माझ्या तीन दिवसांसकट. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाले, सकाळी कळलं असतं तर बरं झालं असतं, शरीरात पाणीच उरलेलं नाही आणि किडन्या बंद पडतायत. मी मेघनाला काही बोललो नाही. दोन दिवसांनी जाईबाई गेल्या.

तेराव्यानंतर सोसायटीची सभा झाली. स्वप्नीलला एका कोपऱ्यात उभं केलं होतं. याने पाणी नीट साफ केलं नाही, याला काढा, याच्यावर पोलीस केस करा, असा गिल्ला चालला होता. फ्लशचं पाणी फ्लशसारखं होतं, मी नको म्हणालो होतो, एवढं तो म्हणू शकला असता. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं.

मी उठलो. ग्लास मी प्यायलो, मला जुलाब झाले, मी ते लपवलं, आणि मेघनाने विचारलं तेव्हाही खोटं बोललो, असं एका दमात सांगून टाकलं. कोणाचा विश्वास बसेना. म्हातारा पोराला वाचवायला बघतोय, असं मागून कोणीतरी पुटपुटलं. अभयने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, नाना, तुम्हाला धक्का बसलाय, बसा.

"बसवू नका त्यांना," मेघना म्हणाली. ती दाराशी उभी होती. ती येईल असं मला वाटलं नव्हतं.

"त्या दिवशी सकाळी फॅमिली डॉक्टरांनी ओआरएसच्या पुड्या दिल्या होत्या," ती म्हणाली. "उकळलेल्या पाण्यात द्या म्हणाले. आईंना उकळलेल्या पाण्याची चव नको होती. म्हणाल्या, नानान तसाच पिल्यान मां? मगे माका काय होवचा नाय. मी म्हटलं, थांबा, त्यांनाच विचारून येते. म्हणून आले होते मी तुमच्या दारात."

ती दारातून दोन पावलं आत आली.

"मग तासाला एक ग्लास दिला, नाना. त्याच पाण्यात. आईंना नको व्हायचं, तरी धरून पाजला."