गादी वाळवायचं यंत्र

आमच्या कारखान्यात परत आलेल्या यंत्रांचा ढीग लागला, आणि गंमत म्हणजे त्यातलं एकही बिघडलेलं नव्हतं.

मी तेव्हा ओसाकातल्या कुवाबाता विद्युत या छोट्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायचे. १९७२ चा सुमार असेल. पंखे, इस्त्र्या, टोस्टर असल्या वस्तू आम्ही बनवायचो. त्या वर्षी आमच्या त्सुजिमोतो नावाच्या इंजिनिअरने गादी वाळवायचं यंत्र काढलं. एक छोटी पेटी, तिला नळी, नळीच्या टोकाला कापडी पिशवी. अंथरलेल्या गादीवर पिशवी पसरायची, वर पांघरूण घालायचं, बटण दाबायचं. गरम हवेने पिशवी टम्म फुगायची आणि गादी खडखडीत कोरडी व्हायची. जूनच्या चिकट दिवसांत, भिंतींनासुद्धा बुरशी धरते तेव्हा, याहून सोयीचं दुसरं काय असणार? बायकांनी हौसेने घेतलं. आणि पाऊस सरताच एकेक यंत्र परत यायला लागलं.

"बिघाड काय झालाय?" मी फोनवर विचारायचे.

"बिघाड नाही हो. छान चालतं."

"मग परत का करताय?"

कुणी म्हणे कपाटात जागा नाही, कुणी म्हणे आवाज येतो, कुणी नुसतीच माफी मागे. सगळ्या अगदी गोड बोलायच्या, आणि खरं कारण एकीच्याही तोंडून निघत नव्हतं. मला चैन पडेना.

आमचे मालक कुवाबाता साठीचे होते, तोंडाने फटकळ. म्हणाले, "इनादाबाई, फोनवर खोदून खोदून विचारून बायकांना वैताग देता ना? आता घरी जाऊन द्या." आणि भेट म्हणून न्यायला तांदळाच्या चकत्यांचे डबे माझ्या हातात ठेवले.

मी शहराबाहेरच्या एका नव्या वसाहतीत गेले. सगळ्या इमारती एकसारख्या. कोमाकी नावाच्या बाईंनी मला बार्लीचा गार चहा दिला आणि यंत्राची इतकी स्तुती केली, की ते त्यांनी परत केलंय हे मीच विसरायची बाकी होते. एवढ्यात बाहेर धपाधप आवाज सुरू झाला. कोमाकीबाई ताडकन उठल्या.

"एक मिनिट हं!"

गॅलरीत जाऊन, कठड्यावर उन्हात घातलेली गादी त्या वेताच्या काठीने बडवायला लागल्या. मी मागोमाग गेले. समोरच्या इमारतीत, वर, खाली, प्रत्येक कठड्यावर गादी आणि प्रत्येक गादीमागे एक बाई.

"कोमाकीबाई, खरं सांगा ना," मी म्हटलं. "यंत्र असताना हे कष्ट कशाला?"

त्या आधी लाजल्या, मग हसायलाच लागल्या. "अहो, ती समोर तिसऱ्या मजल्यावरची बाई दिसतेय? माझी गादी बाहेर दिसली नाही, तर संध्याकाळी भाजीच्या दुकानात चारचौघींत विचारते, 'बरं नाही का तुम्हाला?' तिला काय सांगू, गादी आत मशीनवर वाळतेय आणि मी लोळत पडलेय?"

"पण पावसात तर कुणीच बाहेर घालत नाही."

"म्हणून तर पावसात वापरलं! पण आमच्या सासूबाई गादीला नाक लावतात. उन्हाचा वास हवा म्हणतात. याचा वास म्हणे लाँड्रीसारखा."

मी परत येऊन हे सांगितलं. त्सुजिमोतोने सासूबाईंचा वासाचा मुद्दा तेवढा उचलला. "वासच हवाय ना? देतो!" त्याने नळीच्या तोंडाशी जाळीची पुडी बसवली. तिच्यात कधी सुकं गवत घालून पाहिलं, कधी देवदाराचा भुसा, कधी भाजलेला गव्हाचा कोंडा. शरदाचे महिने अख्खा कारखाना गाद्या हुंगत फिरत होता. मालकांनी कोंड्याच्या गादीत नाक खुपसलं आणि म्हणाले, "अरे त्सुजिमोतो, ही गादी आहे की बेकरी? सूर्याची नक्कल करायला निघालास, आधी माणसांचं बघ."

त्सुजिमोतोचा चेहरा उतरला. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. आपण परत करणाऱ्यांनाच विचारत बसलोय. ज्यांनी ठेवून घेतलं, ते त्याचं काय करतात?

याचा धागा जानेवारीत मिळाला. जवळच्या आमागासाकी शहरातल्या एका दुकानदाराचा फोन आला, की एका बाईला नवी पिशवी हवीये, जुनी फाटलीये. फाटली? जाडजूड कापडाची पिशवी? मी त्सुजिमोतोला ओढतच घेऊन गेले.

ती बाई म्हणजे हिदाका, इस्पितळातली नर्स. सुट्टीची दुपार होती. तिचा नवरा रात्रीची लॉरी चालवायचा, आणि तो घरी यायच्या आधीच ही सकाळच्या पाळीला निघायची.

"रोज निघताना लावते," ती म्हणाली. "ते येईपर्यंत चालूच असतं."

त्सुजिमोतो किंचाळलाच. "घरात कुणी नसताना? बाई, आग लागेल! आणि दोन माणसांच्या गाद्या रोज इतका वेळ वाळवायच्या कशाला?"

"वाळवत कुठे? मी त्यात कधी काहीच वाळवलं नाही."

"मग लावता कशाला?" मी विचारलं.

"रात्रभर थंडीत गाडी हाकून येतात हो. त्यात गारठलेल्या अंथरुणात शिरायचं म्हणजे..." तिने संत्र्यांची टोपली पुढे ओढली. मग खाली बघत म्हणाली, "ऊब असली की त्यांना वाटतं, मी आत्ताच उठून गेलेय."

"पण हे वाळवायचं यंत्र आहे," त्सुजिमोतो अगदी बारीक आवाजात म्हणाला.

"असेल," हिदाका म्हणाली, आणि आमच्यापुढे संत्री सोलून ठेवली.

बसथांब्यापर्यंत त्सुजिमोतो बोटांवर काहीतरी मोजत आला. बस आली, आम्ही चढलो, आणि तो एकदम म्हणाला, "आधी तापमान ठरावीक अंशावर अडवायला हवं. मग घड्याळ. ठरल्या वेळी सुरू, ठरल्या वेळी बंद. बाई जीव धोक्यात घालतेय!"

पुढच्या नोव्हेंबरात तेच यंत्र आणखी जाड पिशवी आणि घड्याळाचं बटण घेऊन बाजारात आलं. खोक्यावर वाळवण्याचा उल्लेख खाली, बारीक अक्षरात. वर फक्त अंथरुणात शिरणाऱ्या दोन पायांचं चित्र. "पावसाळ्याचा माल थंडीत विकताय," मालक कुरकुरले, पण त्यांनी अडवलं नाही. नवं वर्ष उजाडायच्या आत दुकानं रिकामी झाली होती.

मी कोमाकीबाईंकडे मुद्दाम गेले. त्यांनी यंत्र पुन्हा घेतलं होतं. कठड्यावरची गादी मात्र तशीच, काठीही तशीच.

"आणि सासूबाईंचं नाक?"

"आधी त्यांच्याच अंथरुणात लावते ना! पाय आत घालतात आणि डोळे मिटून घेतात. समोरच्या बाईला काल स्वतःच सांगत होत्या, 'सून फार करते माझं.'"

मला वाटलं, तेच यंत्र, तीच गरम हवा, आणि एकदा बाई आळशी ठरते, एकदा गुणाची. हे कुठल्या प्रयोगशाळेत मोजायचं?

मालकांनी मला फोनच्या टेबलावरून उठवून नव्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. आमची पुढची वस्तू होती तांदूळ धुवायचं यंत्र. कल्पना त्सुजिमोतोची आणि होकार माझा. हिवाळ्यात नळाचं पाणी बोटं बधिर करतं, तेव्हा बायका यावर उड्या टाकतील असं मला छातीठोक वाटत होतं. ते परत आलं नाही, कारण कुणी विकतच घेतलं नाही. मी पुन्हा चकत्यांचे डबे घेऊन दारोदार फिरले. "हात आहेत की," एवढंच उत्तर मिळे. सासूची भीती नाही, शेजारणीची नाही, वासाची तक्रार नाही. मग काय?

एका रविवारी त्सुजिमोतो माझ्या घरी आला. बोलता बोलता कळलं, की गड्याने आयुष्यात कधी स्वतःच्या हाताने तांदूळ धुतलेच नव्हते. कारखान्यात सगळं चमच्याने ढवळून मोजलेलं!

"या इकडे," मी म्हटलं, आणि पातेलं त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने बाह्या वर केल्या. थंडगार पाण्यात हात घातला आणि शहारला. तांदूळ तळव्याखाली चोळले, गढूळ पाणी ओतलं, नवं घेतलं, पुन्हा चोळले. पाणी निवळलं तरी त्याचा हात बाहेर येईना.

"झाले की धुवून," मी म्हटलं. "बोटं गारठली नाहीत का?"

"गारठलीत," तो म्हणाला. "पण हाताला बरं वाटतंय. थांबा ना जरा. अजून एकदा."

मी नळ सोडला आणि त्याच्या हातांकडे बघत राहिले.